शून्य दशांश तीनचं अपहरण

माझी नजर घारीची, बुद्धी धारदार आणि नम्रता तर इतकी की तिचा उल्लेख मला स्वतःलाच करावा लागतो. जगभरातली हौशी मंडळी मिळून गणिताचं एक मोफत सॉफ्टवेअर लिहितात. त्यातल्या चुकांचा गुप्तहेर मी. ही पदवी मला कुणी दिली नाही. वाट बघत बसलो असतो, तर म्हातारा झालो असतो.

त्या दिवशी फिर्यादी घरातच निघाली. माझी बायको रंगांच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ आहे.

"तुझ्या सॉफ्टवेअरकडे शून्यापासून शून्य दशांश तीनपर्यंत आकडे मागितले," ती म्हणाली. "पायरी शून्य दशांश एकची. चार यायला हवेत, आले तीन. शेवटचा गायब."

आकड्यांची ओळ काढून देणारं ते फंक्शन मीच लिहिलेलं. अशा तक्रारी बाहेरूनही आल्या होत्या, आणि संध्याकाळपर्यंत ते सुधारलं नाही तर नव्या आवृत्तीतून काढून टाकू, असं प्रकल्पाच्या कारभारीणबाईंनी कळवलं होतं. माझं एकुलतं एक फंक्शन!

"घातपात," मी गंभीरपणे म्हणालो. "संशय शून्यावर."

"शून्य जागेवर आहे की."

"तेच तर! इतकं साळसूद कोण असतं?"

शून्याला सोडून मी पायऱ्यांची उलटतपासणी घेतली. कॉम्प्युटरला शून्य दशांश एक तंतोतंत साठवता येत नाही, किंचित जास्त भरतो. तीन पायऱ्यांत शेवटचा आकडा मर्यादेच्या केसभर पुढे गेला आणि फंक्शननं त्याला हाकललं.

"वेषांतर करून सीमेपार!" मी ओरडलो आणि सीमाच जरा पुढे सरकवली. गायब आकडा परतला. पण पायरी बारीक करून पाहिली, तर पलीकडचे दोन आगंतुकही आत येऊन ऐसपैस बसले.

बायकोनं कपाळाला हात लावला. "अरे, माझ्याकडे बाटल्या चार आहेत. प्रत्येकीत किती रंग घालायचा, त्याचे मला चार आकडे हवेत. मग तुझं फंक्शन पायरी कशाला विचारतं? किती हवेत ते विचार ना! पहिला आणि शेवटचा मी सांगते, मधले त्याला काढू दे."

मी कीबोर्ड पुढे ओढला.

तसा बदल केला. शेवटचा आकडा आता बेरजा करून गाठायचाच नाही, सांगितलाय तसा ठेवायचा. चौघंही हजर झाले.

कारभारीणबाईंचं उत्तर आलं, "छान! फंक्शन राहील. कल्पना कुणाची?"

"आमच्या कार्यालयाची," मी टाइप केलं.

"कार्यालय म्हणजे हे जेवणाचं टेबल का?" मागून आवाज आला.

मी ते खोडलं आणि तिचं नाव लिहिलं. लिहिताना तिचा फार अभिमान वाटला, आणि तसं मी तिला सांगितलंही.

"बरं," ती म्हणाली, "आता कार्यालय पुसून घे, ताटं मांडायचीत."