मीनाक्षी टॉकीजमधलं मध्यंतर

२१ नोव्हेंबर २०१९, गुरुवार. सकाळी धुकं, दुपारी कोरडं ऊन, संध्याकाळी वारा पडलेला.

आमच्या गावच्या मीनाक्षी टॉकीजमध्ये अठ्ठावीस वर्षं चालू असलेलं मध्यंतर आज संपलं.

बाहेरगावच्या माणसाला आधी एक सांगायला हवं. मीनाक्षीत मध्यंतरानंतर डोकी मोजतात. पूर्वी लोक चहाला जायचे, रेंगाळत परत यायचे आणि सुटलेला भाग पुन्हा दाखवा म्हणून ऑपरेटरशी भांडायचे. म्हणून गावाची बैठक होऊन ठरलं, की बाहेर गेलेला शेवटचा माणूस परत येऊन खुर्चीत बसल्याशिवाय पुढचं रीळ लावायचं नाही. त्यानंतर भांडणं झाली नाहीत.

'केवड्याचा घाट' लागला तेव्हा त्याचं नाव सगळीकडे गाजत होतं. आमच्याकडे पहिल्याच खेळाला टॉकीज भरलं. नायिका धक्क्याला लागलेल्या लाँचच्या फळीवर एक पाय ठेवते, मागे वळून बघते, आणि मध्यंतर होतं. गुरांच्या दवाखान्यातले कंपाउंडर दिगंबर नवसागरे पान खायला बाहेर गेले ते आले नाहीत. डोअरकीपर वाघचौरेमामांनी मोजलं. एक कमी भरला. त्यांनी ऑपरेटरला थांबायला सांगितलं.

त्या रात्री लोक बसून राहिले. सकाळी दुधाची वेळ झाली तशी तिकिटाचा अर्धा तुकडा खिशात ठेवून एकेक जण घरी गेला. पुढे त्यांची लग्नं झाली, घरं बांधून झाली, काहींना नातवंडं झाली. मध्यंतर चालूच होतं, त्यामुळे टॉकीजचं कॅन्टीनही चालू राहिलं. चित्रपट दूरदर्शनवर लागला तेव्हा वायरमनने अर्ध्यावर गावाची वीज बंद केली आणि कोणी तक्रार केली नाही. बाहेरून येणाऱ्या सुनांनी शेवट पाहिलेला असण्याची शक्यता असे. तो इथे कोणाला सांगणार नाही, असा शब्द त्यांच्याकडून अक्षता पडण्याआधी घेतला जाई. माणूस वारला तर त्याची खुर्ची मोठ्या मुलाकडे जाई.

माझा यातला संबंध असा. मी शिलाई मशीन दुरुस्त करतो. तेव्हा माझं वय चोवीस होतं. कुमुद तारळेकर यांच्या घरी पोहे खाऊन झाले होते, दोन्हीकडच्या मोठ्यांना पसंत होतं, आणि मुलीचं मन कळावं म्हणून आम्हाला या चित्रपटाला पाठवलं होतं. आमच्या मध्ये तिचा धाकटा भाऊ अनंता बसला होता. मध्यंतरात तो शेंगदाणे आणायला उठला तेवढ्यात मी तिला विचारलं. ती म्हणाली, "सिनेमा संपू दे. मग सांगते."

मी घाई केली नाही. पुढे तिला दुसरी स्थळं आली. तिचे वडील त्यांना सांगत, की मुलीचा सिनेमा अजून संपलेला नाही. ते लोक समजूतदारपणे परत जात. ती पोस्टात लागली. संध्याकाळी पोस्ट बंद झालं की ती टॉकीजच्या कॅन्टीनला येई, मीही येई, आणि आम्ही चहा घेत असू. घरून आणलेला डबा ती अर्धा माझ्यापुढे सरकवी. रस्त्याने जाणारे विचारत, "काय लोणकर, मध्यंतरच का अजून?" मी हो म्हणत असे.

दिगंबरराव बहिणीच्या दहाव्यासाठी काल गावात आले. वाघचौरेमामा आता काठी घेऊन चालतात, पण त्यांनी स्टँडवर चालीवरूनच त्यांना ओळखलं. हात धरून त्यांना टॉकीजवर आणलं. दिगंबररावांनी चष्म्याच्या डबीतून तिकिटाचा तुकडा काढून दिला. आज सहाला खेळ पुढे सुरू होईल, अशी दवंडी दिली गेली.

साडेपाचला मी पानाच्या टपरीजवळ उभा होतो. टॉकीजमध्ये जावं की नाही हे माझं ठरत नव्हतं. मध्यंतर चालू होतं तोवर मला कोणी नाही म्हटलेलं नव्हतं, आणि रोज चहा होता. स्टँडवर औरंगाबादची गाडी लागलेली दिसत होती. दिगंबरराव शेजारी येऊन उभे राहिले. मी त्यांना विचारलं, तुम्ही तेव्हा का गेलात.

"मला वाटलं, पुढे ती जाणार," ते म्हणाले. "मी परत आलो नाही तर ती फळीवरच राहील."

"राहिली," मी म्हणालो.

"हो. पण तिचे पाय दुखत असतील, असं अलीकडे वाटायला लागलं."

ते आत गेले. थोड्या वेळाने मीही गेलो.

खुर्च्यांवरून थोडा वाद झाला. कै. घुगे यांच्या एका खुर्चीवर दोन जुळे मुलगे हक्क सांगत होते. ते एकमेकांच्या मांडीवर आळीपाळीने बसतील, असा निर्णय मामांनी दिला. अनंता आमच्या मध्ये बसला. त्याचे केस पांढरे झाले आहेत. कुमुदने पोस्टाची पिशवी मांडीवर घेतली होती. मामांनी मोजलं, पुन्हा मोजलं, आणि ऑपरेटरच्या खिडकीकडे बघून काठी वर केली.

नायिकेने दुसरा पाय फळीवर ठेवला. तेवढ्याने टॉकीजमध्ये बऱ्याच जणांनी श्वास सोडल्याचं ऐकू आलं. मग गाणी झाली, नायकाची पत्रं परत आली, त्याच्या आईचं आजारपण झालं, आणि ती एकदा त्याला भेटायला आली. लाँच पुन्हा धक्क्याला लागली. या वेळी ती मागे वळली नाही. लाँच गेली. नायक धक्क्यावर उभा राहिला आणि पडद्यावर 'समाप्त' आलं.

कोणी उठलं नाही. पुढच्या रांगेत दिगंबरराव खाली मान घालून बसले होते.

अनंता उठला आणि म्हणाला, "मी शेंगदाणे आणतो." कॅन्टीन बंद झालं होतं, हे त्याला ठाऊक होतं. तो गेला.

कुमुद पडद्याकडेच बघत होती. "तेव्हा मी नाही म्हणणार होते," ती म्हणाली. "तुम्ही फार बोलत होता. मी घरून ठरवूनच आले होते."

मी म्हणालो, बरं.

"बरं काय? विचारा की पुन्हा. तेव्हाचं उत्तर तेव्हाच्या मुलाला होतं."

मी पुन्हा विचारलं.

बाहेर आल्यावर मी टपरीवरून एक पान घेऊन दिगंबररावांना दिलं. त्यांनी ते तिथेच उभं राहून खाल्लं आणि सव्वानऊच्या गाडीने गेले.

चित्रपट रात्री पावणेआठला संपला. नायिका लाँचने गेली. कुमुद हो म्हणाली. उद्यापासून मीनाक्षीला नवीन चित्रपट आहे. मध्यंतरानंतर डोकी मोजली जातील.