अनसाबाईच्या बिळाचं मागचं दार

एका जंगलात, मुलांनो, सगळं काही मिळायचं, फक्त झोप मिळायची नाही.

कारण साधं होतं. जंगलात कुणी ना कुणी कुणाच्या तरी मागावर असायचंच. हरणं उभ्या उभ्या डुलक्या काढायची. माकडं फांदी घट्ट धरून झोपायची आणि तरी पडायची. ससे डोळे उघडे ठेवून झोपायचे, म्हणजे झोपायचेच नाहीत. हसू नका. परीक्षेच्या आदल्या दिवशी तुम्हीही तसेच झोपता.

त्या जंगलातल्या खिंडीपाशी अनसाबाई नावाची साळिंदर राहायची. अंगभर काटे आणि जिभेला हाड नाही. आता तुम्हाला वाटेल की मी म्हणेन, मनानं मात्र ती लोण्यासारखी मऊ होती. तसं काही नव्हतं. मनानंही ती फटकळच होती. पण बीळ तिनं असं खणलं होतं की कुणीही बघत राहावं.

बिळाला दोन तोंडं होती. पुढचं खिंडीकडे होतं आणि मागचं करवंदीच्या जाळीत उघडायचं. त्यातलं मागचं तिनं आधी खणलं होतं.

ती लहान असताना तिच्या आईचं बीळ एकतोंडी होतं. एका उन्हाळ्यात वणवा आला आणि तोंडाशी धूर भरला. अनसाबाई बाहेर खेळत होती म्हणून वाचली. आई आतच राहिली. तेव्हापासून एकतोंडी बिळात अनसाबाई पाऊल टाकायची नाही.

एका दुपारी भिमाजी ससा धापा टाकत तिच्या दारात आला. नाव भिमाजी, पण पान पडलं तरी दचकायचा.

"मावशी, घटकाभर टेकू का?"

"टेक. पण आधी इकडे ये."

तिनं त्याला सरळ बिळाच्या दुसऱ्या टोकाला नेलं. "हे मागचं दार. इथून सुटलास की जाळी, जाळीतून ओढा, ओढ्यापलीकडे रान मोकळं. कळलं?"

भिमाजीचा चेहरा पडला. "आल्या आल्या जायची वाट दाखवता? एवढा नकोसा झालो का मी?"

"अरे येड्या, जायची वाट ठाऊक असली की राहायला बरं वाटतं. पड आता गुमान."

भिमाजी पडला. मागच्या दारातून येणारा वारा त्याच्या कानांना लागत होता. आणि मुलांनो, जन्मात पहिल्यांदा त्या सशानं डोळे मिटले. उठला तो थेट तिसऱ्या दिवशी.

झालं! षट्कर्णी झालं की गोष्ट गावभर होते. जंगलातले जागरणाने तांबारलेले झाडून सगळे डोळे खिंडीकडे निघाले. अनसाबाईची रीत एकच. पाहुणा आला की नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, आधी मागचं दार दाखवायचं आणि मग झोपायची जागा. जाताना पाहुणा चार कंद ठेवायचा. विसरला तर अनसाबाई त्याला चार शब्द सुनवायची. तेवढ्यावर सगळं सुरळीत चाललं होतं.

मग तिथे धवलराव बगळे आले.

धवलराव तळ्यावर ध्यान करायचे आणि ध्यान सुटल्यावर इतरांना सल्ला द्यायचे. तळ्यातले मासे त्यांचा सल्ला घ्यायला गेले ते परत आले नाहीत, म्हणून आता ते जमिनीवरच्या प्राण्यांना सल्ला देऊ लागले होते. एक रात्र ते अनसाबाईकडे झोपले आणि सकाळी पंख झटकत म्हणाले, "मावशी, हे बीळ नाही. ही एक कल्पना आहे."

"बीळच आहे," अनसाबाई म्हणाली. "कल्पनेला एवढी माती निघत नाही."

"अशी बिळं जंगलभर हवीत. नदीच्या वळणावर, धबधब्यापाशी, टेकडीवर. सगळीकडे तुमचं नाव. अनसा विश्रांती समूह! तुम्ही फक्त हो म्हणा."

अनसाबाईनं विचार केला. किती जीव डोळे उघडे ठेवून झोपतात. किती बिळं एकतोंडी आहेत. तिला आई आठवली.

"हो म्हणते," ती म्हणाली. "पण एक अट. प्रत्येक बिळाला मागचं दार हवं. आणि पाहुण्याला आधी ते दाखवायचं. हे मोडलंत तर माझ्याशी गाठ आहे."

धवलरावांनी तिथल्या तिथे, एका पायावर उभं राहून शब्द दिला.

बगळा नेहमीच एका पायावर उभा असतो. हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. शहाण्यांचंही असं होतं, तुम्ही उगीच शहाणपणा करू नका.

समूह वाढला. नदीच्या वळणावर शाखा निघाली, धबधब्यापाशी निघाली, टेकडीवर दोन निघाल्या. पहिल्या वर्षी सगळ्यांना मागचं दार होतं. दुसऱ्या वर्षी बैठक झाली.

"पाहुणा येतो," धवलराव म्हणाले, "आणि आपण त्याला पहिलं वाक्य काय ऐकवतो? इथून पळायचं! हे काय स्वागत झालं? शिवाय मागून गेलेला पाहुणा अभिप्रायाच्या वहीत काही लिहीत नाही. आपल्या समूहाबद्दल जग काय म्हणतं ते आपल्याला कळणार कसं?"

सगळ्या शाखाप्रमुखांनी माना डोलावल्या. ते सगळे बगळेच होते, त्यामुळे माना लांब होत्या आणि डोलल्याही छान.

शाखांची मागची दारं बुजली. पुढच्या दारांना दगडी कमानी आल्या. कमानींमुळे दारं अरुंद झाली, पण भारदस्त दिसू लागली. पाहुण्यांची झोप मात्र उडाली. मग समूहानं वाळ्याचे पडदे लावले. मऊ पिसांच्या गाद्या घातल्या. अंगाई म्हणायला रातकिडे नेमले. तरी पाहुणे टक्क जागे. एका दिवसात झोप पुरी होईना, म्हणून ते चार चार दिवस राहू लागले.

"बघा," धवलराव म्हणाले, "पाहुण्यांना आपल्याकडून हलवत नाही."

खिंडीतल्या मूळ बिळाचं मागचं दार तेवढं शाबूत होतं, कारण त्याच्या तोंडाशी अनसाबाई स्वतः बसायची. आणि साळिंदराला बाजूला सरका म्हणून कोण सांगणार? शाखांचं तिच्या कानावर आलं तेव्हा ती काटे फुलवून धवलरावांसमोर उभी राहिली.

"दुरुस्ती चालू आहे, मावशी," धवलराव म्हणाले. "दारं बदलतोय. जुनी गेली, नवी यायची आहेत."

त्यानंतर ती दर महिन्याला विचारायची आणि दर महिन्याला नवी दारं वाटेवर असायची.

समूहाला पंचवीस वर्षं झाली. रौप्यमहोत्सव ठरला. रौप्यमहोत्सव म्हटला की इतिहास लागतो, म्हणून प्राध्यापक वाघुळे यांना बोलावलं. ते वटवाघूळ होते. ते उलटे टांगून घेऊन लिहायचे, त्यामुळे इतिहास त्यांना अगदी सरळ दिसायचा.

"बाई, ही प्रेरणा तुम्हाला कुठून मिळाली?" त्यांनी छताला लटकत विचारलं.

"माझी आई एकतोंडी बिळात धुरानं गुदमरून मेली," अनसाबाई म्हणाली. "म्हणून मी दोन तोंडं केली."

वाघुळे सरांनी लेखणी थांबवली. "हे जरा अशुभ वाटतं. स्मरणिकेत शोभणार नाही. आई अंगाई छान म्हणायची, असं लिहू का?"

"माझी आई अंगाई म्हणत नव्हती. ती घोरायची."

"अंगाईच बरी," वाघुळे सर म्हणाले आणि त्यांनी अंगाई लिहिली.

अनसाबाईला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आई एकदा धुरात गेली होती. आता ती पुस्तकातूनही गेली.

महोत्सवाआधी धवलरावांनी तिला शाखांच्या सत्काराला पाठवलं. नदीच्या वळणावर हार, धबधब्यापाशी शाल, टेकडीवर दोन नारळ. मागची दारं बघायला ती आत शिरणार तोच प्रत्येक ठिकाणी कुणीतरी भाषणाला उभं राहायचं. आठवड्यानं ती खिंडीत परतली, तर बिळात ओल्या मातीचा वास. पुढच्या दाराला शाखांसारखी दगडी कमान आणि मागचं दार बुजवलेलं. त्यावर सुगरणीनं गवतात विणलेली भली मोठी तसबीर टांगलेली. तसबीर अनसाबाईची होती. फक्त पाहुणे बिचकतात म्हणून काटे वगळले होते. त्यामुळे भिमाजीला ती आपलीच वाटली.

अनसाबाईचे काटे ताठ उभे राहिले. "माझं दार कुठंय?"

"मावशी, तुमचीच तसबीर आहे," धवलराव नम्रपणे म्हणाले. "एवढी मोठी मावेल अशी भिंतच नव्हती, म्हणून ती भिंत करून घेतली. आता स्वतःच्याच तसबिरीला विरोध करणार का?"

अनसाबाईनं तसबिरीकडे पुन्हा एकदा पाहिलं. आणि खरं सांगू? तसबीर बघून तिला जरासं बरंही वाटलं होतं. पंचवीस वर्षांत तिला कुणी भिंतीवर लावलं नव्हतं. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याची लाज तिला पुढे जन्मभर वाटली.

महोत्सवाच्या दिवशी भर दुपारी मूळ बीळ खचाखच भरलं. हरणं, माकडं, उदमांजरं, आठ बगळे आणि कोपऱ्यात आपला भिमाजी. प्रमुख पाहुणे होते जंगलाचे मंत्री अस्वलसाहेब. प्रमुख पाहुण्यांच्या रिवाजाप्रमाणे ते दोन तास उशिरा आले आणि नव्या कमानीत कमरेपर्यंत शिरून अडकले.

पुढे होईना, मागे होईना.

"काही हरकत नाही," धवलराव म्हणाले. "साहेबांनी तिथूनच दीपप्रज्वलन करावं."

समई साहेबांच्या पुढ्यात नेली. साहेबांनी पंजात पेटती काडी घेतली आणि हात लांब केला. समई लागली नाही. डोक्यावरचं वाळक्या गवताचं तोरण लागलं.

धूर आत वळला. आधी लोकांना वाटलं धूप आहे, म्हणून त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग माकडं खोकायला लागली. मग सगळेच.

"ढकला त्यांना बाहेर!" कुणीतरी ओरडलं.

"साहेबांना?" धवलराव दचकले. "हात कुठं लावणार? ते शिष्टाचारात बसत नाही."

"साहेबांनी तशी इच्छा व्यक्त केली पाहिजे," छतावरून वाघुळे सर म्हणाले. साहेब नुसतेच ओरडत होते, त्यात इच्छा कोणती ते कळत नव्हतं.

अनसाबाईच्या नाकात धूर गेला. तो वास तिला पाठ होता. इतकी वर्षं तिनं त्याच्याशीच भांडण मांडलं होतं.

"मावशी!" कोपऱ्यातून भिमाजी किंचाळला. "मागचं दार!"

अनसाबाई वळली. तसबिरीवर अनावरणाचा पडदा होता. तिनं पडदा ओढला.

"थांबा!" धवलराव ओरडले. "अनावरण साहेबांच्या हस्ते आहे!"

तिनं आपली तसबीर दातांत धरली आणि वरपासून खालपर्यंत टराटरा फाडली. मग मातीवर तुटून पडली. नखं तुटली, काटे गळाले, तोंडात माती गेली. मातीत सुद्धा ती शिव्या देत होती, कुणाला ते नीट ऐकू आलं नाही. आणि एकाएकी करवंदीच्या जाळीतला वारा आत आला.

"जाळी, जाळीतून ओढा, ओढ्यापलीकडे रान मोकळं!" भिमाजी ओरडत सुटला आणि सगळे त्याच्यामागे सुटले. त्यात बगळे सर्वांत पुढे होते. मग हरणांनी वळसा घालून अस्वलसाहेबांचे मागचे पाय ओढले आणि त्यांना मोकळं केलं. साहेबांचे थोडे केस जळाले. मेलं कुणी नाही.

अनसाबाई सर्वांत शेवटी बाहेर आली. ओढ्याकाठी बसून ती रडली. आई गेली तेव्हा रडायला सवड मिळाली नव्हती, ती आत्ता मिळाली.

पंधरा दिवसांनी बैठक झाली. ठराव झाला की, अनसाबाई यांनी मान्यवरांदेखत संस्थापकांच्या तसबिरीची विटंबना केली, हे समूहाच्या परंपरेला शोभणारं नाही, सबब त्यांचा समूहाशी संबंध संपला.

"पण संस्थापक मीच ना?" अनसाबाईनं विचारलं.

"म्हणूनच आम्हाला जास्त दुःख झालं," धवलराव म्हणाले.

स्मरणिकेची सुधारित आवृत्ती निघाली. तीत लिहिलं होतं की दुर्घटनेच्या वेळी अस्वलसाहेबांनी बाहेरची आग स्वतःच्या अंगावर रोखून धरली आणि धवलरावांनी दूरदृष्टीनं आधीच राखून ठेवलेल्या मार्गानं सर्वांना सुखरूप नेलं. त्या मार्गाला धवल द्वार असं नाव दिलं. तो जपून ठेवायचा म्हणून त्याला कुलूप लावलं.

अनसाबाई ओढ्यापलीकडे गेली. एका टेकाडाच्या पाठीला तिनं उकरायला सुरुवात केली. चार दिवसांनी भिमाजी धापा टाकत आला.

"मावशी, मागचं दार कुठंय?"

"तेच खणतेय."

"आणि पुढचं?"

"होईल सवडीनं. एवढी कसली घाई?"

बीळ अजून हातभरही झालं नव्हतं. भिमाजी त्या खड्ड्यात शिरला, कान पाडले, डोळे मिटले आणि घोरू लागला. अनसाबाईनं त्याच्याकडे बघितलं, "मेल्या, माती लागेल अंगाला," म्हणाली आणि त्याच्या बाजूनं खणत राहिली.

तात्पर्य : जो सगळ्यांना बाहेर पडायची वाट दाखवतो, त्याला आधी बाहेर काढावं. वाट त्याला ठाऊक असतेच, त्यामुळे त्याचं काही अडत नाही. आणि मुलांनो, मोठेपणी तुमची तसबीर कुणी भिंतीवर लावायला आलंच, तर नमस्कार करा, आभार माना आणि आधी तिच्यामागे काय आहे ते बघून घ्या.