मागची सीट

साळव्यांच्या घरी चहा फुकट मिळत नसे. आधी मत द्यावं लागे. कपाटाच्या आरशावर खळीने चिकटवलेले तीन गाड्यांचे फोटो होते. पाहुण्याला त्यांच्यासमोर उभं करून ते विचारत, "पहिली, दुसरी की तिसरी? विचार करून सांगा. घाई नाही." तोवर आत चहा उकळून काळा होई.

अंबरनाथ पश्चिमेला आमची दारं समोरासमोर. साळवी एका रसायनाच्या कारखान्यात टाइमकीपर. चारचाकी सोडा, त्यांच्याकडे सायकलही नव्हती. पण घ्यायची तर एकच जपानी स्पोर्ट्‌स गाडी, हे पक्कं; प्रश्न फक्त तिच्या तीन मॉडेलांपैकी कुठलं, एवढाच. का, तर तिच्या इंजिनात पिस्टन नाहीत. आत एक तिकोनी तुकडा गोल गोल फिरतो. "वर-खाली काही नाही हो," रिकाम्या कपात चमचा फिरवत ते सांगत, "म्हणून हिसका नाही."

हिसक्याची गोष्ट मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होती. पूर्वी त्यांच्याकडे स्कूटर होती. लहानगा मिलिंद पुढे उभा, वहिनी मागे एका बाजूला पाय सोडून. एकदा उल्हासनगरहून येताना साळव्यांच्या हातून क्लच सुटला, स्कूटरने हिसका दिला आणि वहिनी रस्त्यावर पडल्या. पाय मोडला. मुलाला घेऊन त्या माहेरी कराडकडे गेल्या. जाताना म्हणाल्या, "चार चाकांची आणा, मग येते." रागाच्या भरात बोललेलं वाक्य. साळव्यांनी ते साहेबाच्या हुकमासारखं घेतलं.

फोटो उल्हासनगरच्या रद्दीवाल्याकडून यायचे, जुन्या परदेशी मासिकांतले. तो सिंधी म्हातारा वैतागून म्हणे, "साईं, गाडी लेगा के फोटू की दुकान खोलेगा?"

"देख रहा हूं," साळवी म्हणत. "घर में पूछना पडेगा."

घरी विचारायला कोणी नव्हतं.

पहिली गाडी हलकी, सुटसुटीत, पण सीटा दोनच. दुसरी जरा जड, पण मागे दोन चिमुकल्या सीटा. दुसरी जवळजवळ ठरली होती, तेवढ्यात तिसरीचा फोटो आला. साळव्यांनी त्या दिवशी रजा टाकली. "जपान्यांनी थोडं थांबायला हवं होतं," म्हणाले. तिसरी गोलसर, देखणी. "पण हिच्यातही मागे काही नाही. पोराला बसवू कुठं, डिकीत?"

मी एकदा चिडून म्हटलं, "अहो साळवी, त्या दुसरीच्या मागच्या सीटवर माझी ऑफिसची बॅग मावायची नाही. माणूस कसा बसेल?"

"मोठं कोण बसतंय? मिलिंद बसेल. गुडघे पोटाशी घेऊन बसायची सवय आहे त्याला."

मिलिंद तेव्हा कॉलेजात असणार. हे मला कळत होतं. तरी चहा लवकर मिळावा म्हणून त्यानंतर मी फोटोंकडे न बघताच "दुसरी" म्हणायला लागलो. ते इतके खूश होत, की कप हातात घेताना मलाच कसंतरी व्हायचं.

मग एका रविवारी माझ्या दारात एक उंच मुलगा आला. "साळवी इथेच राहतात ना?" त्याच्या डोक्यावर केस नव्हते. मी काही न विचारता समोरचं दार वाजवलं.

त्याच्याकडे बघायला साळव्यांना मान वर करावी लागली.

"आई गेली," तो म्हणाला. "तेरावं झालं. मामा म्हणाले, कळवून ये."

त्या दिवशी चहा आधी आला. मुलाने तो उभ्यानेच घेतला.

"बस ना रे."

"नको. बदलापूरला मित्र वाट बघतोय." कप ठेवताना त्याची नजर आरशाकडे गेली. "या कुणाच्या गाड्या?"

"काही नाही, असंच," साळवी म्हणाले.

तो गेला. साळव्यांचं दार दिवसभर बंद होतं. संध्याकाळी मी भीतभीतच आत गेलो, तर आरशावर एकच फोटो उरला होता. पहिली. बाकी दोघींच्या जागी खळीचे डाग.

"ठरलं," ते म्हणाले. "आता दोन सीटा पुरतील. पाय केवढे लांब झालेत त्याचे. पुढे, माझ्या शेजारीच बसेल."

मी मान हलवली. तो पुन्हा येणार आहे का, हे विचारायचं धाडस झालं नाही.

"छप्पर जरा बुटकं वाटतं," ते आरशाजवळ जात म्हणाले. "त्याचं डोकं लागेल का हो?"

मी त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो आणि पहिल्यांदाच तो फोटो नीट पाहिला.

"नाही लागणार," मी म्हणालो.