नमुन्याची बारा भांडी

इचोड्याला नागोरावांच्या भांड्यांच्या दुकानात, दाराशेजारच्या पाटावर बसून रुख्मिणीबाई बावीस वर्षं भांड्यांवर नावं टाकत होत्या. हातातलं विजेचं यंत्र घर्र करायचं आणि आहेराच्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव कायमचं बसायचं. आता त्या पाटाच्या जागी लेझर मशीन येणार होतं. "तुमी गिऱ्हाईक पाहा," असं नागोराव म्हणाले होते खरे, पण गिऱ्हाईक पाहायला ते स्वतः होतेच. याचा अर्थ न कळण्याइतक्या बाई भोळ्या नव्हत्या.

तीन कंपन्यांनी चकचकीत पत्र्यांवर अक्षरं कोरून धाडली होती.

"काय सफाई हाय, बाई!" नागोराव पत्रा उन्हात धरून म्हणाले.

"सपाट पत्र्यावर कोणीबी लिहीन. आपल्याकडं लोकं पत्रे आणतेत काय? फुगीर गडवा येते, पोचा पडलेला गंज येते. त्याच्यावर लिहून दाखव म्हणा!"

नागोरावांना हे पटलं आणि तिथेच ते फसले. प्रत्येक कंपनीला सारखीच चार भांडी धाडायची ठरली: गडवा म्हणजे तांब्या, गंज म्हणजे भाताचं पातेलं, परात आणि डबा. म्हणजे एकूण बारा. नवी भांडी द्यायला नागोराव तयार होईनात, कारण नाव पडलेलं भांडं विकत कोण घेणार? शेवटी बाईंनीच गल्लीतून जुनी, बिननावाची भांडी मागून आणली.

मग निघाला मजकुराचा प्रश्न. तिघांची बरोबरी करायची तर बाराही भांड्यांवर एकच मजकूर हवा. नागोरावांनी ऐटीत कागदावर लिहिलं, 'नागोराव, इचोडा.' नेमक्या त्याच वेळी आपल्या गंजाचं काय झालं हे पाहायला शेजारच्या बयनाबाई आल्या आणि त्यांनी कागद वाचला.

"माह्या गंजावर तुमचं नाव काऊन?"

"मावशी, नमुना हाय तो. मशीन तपासून राह्यलो."

"नमुना तुमचा, गंज माहा! उद्या पंगतीत गेला तं कोणाचा म्हणतीन?"

ज्याचं नाव त्याचं भांडं, हा इचोड्याचा कायदा. दुपारपर्यंत भांडी दिलेल्या सगळ्या बायका दुकानात हजर झाल्या. जयवंताबाई उदारपणे म्हणाल्या, "माहं नाव टाका, मले चालते." त्यांना का नाही चालणार? बारा भांडी एकदम त्यांची झाली असती! बाकीच्या त्यांच्या अंगावर धावल्या. घाबरलेल्या नागोरावांनी देवाचं नाव सुचवलं.

"देवाच्या नावाच्या गंजात वांग्याची भाजी शिजवू काय? मंग तो देवळातच द्या लागन!" बयनाबाई म्हणाल्या.

पाटावर बसलेल्या रुख्मिणीबाई उठल्या. पाट जाणार याचा राग त्यांच्या मनात आठ दिवस साचला होता.

"आधी जिचं भांडं, तिचं नाव मी टाकून देईन. मालकी पक्की! मशीनवाल्यायनं माह्या अक्षराखाली काय लिहाचं ते लिहावं."

मग त्यांनी एकेक भांडं मांडीवर घेतलं आणि दात-ओठ खात बारा नावं कोरली, आयुष्यात कोरली नव्हती इतकी खोल. गडव्याच्या पोटावर आणि गंजाच्या ऐन पोच्यात तर मुद्दाम. तिन्ही पार्सलं संध्याकाळच्या गाडीनं गेली.

आठवड्याभरानं एका कंपनीचा फोन आला. नागोरावांनी स्पीकर लावला.

"सेठजी, आपके पास तो पहले से मशीन है!"

"हमारे पास? कौनसी?"

"जिससे ये नाम डाले हैं. पिचके हुए हिस्से में भी बराबर गहराई है. हमारी मशीन तो वहाँ अटक रही है. कब की है ये?"

नागोरावांनी पाटाकडे पाहिलं. बाई एका ताटावर नाव टाकत होत्या, मान वर न करता.

"बाईस साल हो गए," नागोराव हळूच म्हणाले.

"बाईस! मेंटेनन्स?"

"दो टाइम चाय."

"तीन!" बाई म्हणाल्या. "तीन सांगा त्याले."

बाईंचे शब्द ऐकताच पलीकडच्या माणसाचा आवाज एकदम नरम झाला. "सेठजी, एक रिक्वेस्ट है. उस मशीन का एक सैंपल हमको भी भेजेंगे?"

रुख्मिणीबाईंनी यंत्र बंद केलं, पदराला हात पुसले आणि नागोरावांच्या हातून फोन घेतला.

"नमुना पायजे तं भांडं धाड, भाऊ," त्या म्हणाल्या. "अन् नाव कोणाचं टाकाचं, ते आधी घरात इचारून घेजो."