प्रवाशांनी पळीला हात लावू नये

माणूस संकटातून काहीतरी शिकतोच, हे निर्विवाद आहे. जे शिकतो त्याचा संकटाशी संबंध असावाच लागतो, असे मात्र नाही. महासाथ आली आणि गेली. तिच्यातून वैद्यकशास्त्र काय शिकले ते वैद्यकशास्त्र जाणे. जलपर्यटन व्यवसाय मात्र दोन मोठी सत्ये शिकला. एक, प्रवाशाला समुद्राची भीती वाटत नाही; परत घरात घेतील की नाही, याची वाटते. दोन, जहाजावरची सर्वांत धोकादायक गोष्ट वादळ नसून बुफेतली पळी होय.

पहिल्या सत्याचा खोल विचार करून 'निळाई जलपर्यटन' या कंपनीने आपले 'सागरवत्सला' हे आलिशान जहाज समुद्रात न नेण्याचा दूरदर्शी निर्णय घेतला. जहाज ठाण्यात कोलशेतच्या धक्क्यावरून सुटते, खाडीने रमतगमत कल्याणच्या दुर्गाडीपर्यंत जाते आणि तिसऱ्या दिवशी परत येते. पुन्हा साथ उद्भवलीच, तर प्रवासी गुडघाभर पाण्यातून चालत घर गाठू शकतो (चपला हातात धराव्यात). ओहोटीला जहाज चिखलात बसते. माहितीपत्रकात याला 'संपूर्ण स्थैर्य' म्हटले असून, आजवर एकाही प्रवाशाला बोट लागलेली नाही, ही गोष्ट कंपनी अभिमानाने सांगते.

दुसऱ्या सत्यासाठी कंपनीने तज्ज्ञ नेमले. त्यांनी अकरा महिने विचार करून शेहेचाळीस पानांची 'भोजन व सहवास संहिता' रचली. ती इतकी बारकाईने लिहिली आहे की, तिच्यात जेवणाचा उल्लेख थेट एकोणिसाव्या पानावर येतो. वानगीदाखल काही कलमे:

कलम ४. छापील मेनूकार्ड रद्द. (सर्वेक्षणानुसार शंभरातले एक्याण्णव प्रवासी पान उलटण्यापूर्वी बोट जिभेला लावतात. उरलेले नऊ जण शेजाऱ्याने उलटेपर्यंत थांबतात.)

कलम ९. वाढण्याच्या पळीला कर्मचाऱ्याखेरीज कोणीही हात लावू नये.

कलम १४. खोकणाऱ्या कर्मचाऱ्यास तत्काळ चोवीस तास खोलीत बसवावे. खोकल्याचे कारण विचारू नये, कारण उत्तर देण्यासाठी तोंड उघडावे लागते.

कलम १७. सामूहिक गायन मिटल्या ओठांनी करावे.

कलम २२. प्रवाशाने 'पुरे' म्हटल्यावर पुन्हा वाढू नये.

ही संहिता राबवायला डोंबिवलीची जागृती नावाची एक हुशार मुलगी नेमली होती. हुद्दा 'संसर्गप्रतिबंध व भोजनशिस्त अधिकारी'. ती एकावर एक तीन मास्क लावत असे. साथीच्या काळापासून तिने चार माणसांत बसून घास घेतला नव्हता. जहाजावरही ती कोठीच्या खोलीत, कांद्याच्या पोत्याकडे तोंड करून एकटीच डबा खाई. (कांदे खोकत नाहीत.)

आता गंगुबाईंकडे येऊ. कल्याणच्या पारनाक्यावरच्या गंगुबाई, वय त्र्याहत्तर. कीर्तन कुठेही असो, पहिल्या रांगेत, बुवांच्या समोर, मांडीवर वाती वळत बसणार. आयुष्यात ऐकायचे ते सगळे त्या कीर्तनाच्याच मापाने मोजतात. जहाज सुटताना कप्तानाने वीस मिनिटे सुरक्षिततेवर भाषण केले, तेव्हा त्यांनी शेजारी बसलेल्या कीर्तनकार साईनाथबुवांना हलक्या आवाजात सांगितले की, पूर्वरंग बरा होता, पण मेल्याने आख्यान लावलेच नाही.

गंगुबाईंची एक अडचण होती. साथीच्या वर्षी सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन रद्द झाले आणि महाप्रसादाची पंगत मांडण्याआधीच उठवावी लागली. त्या वेळी लापशीची पळी गंगुबाईंच्या हातात होती. ती त्यांनी पातेल्यात परत ठेवली आणि देवाला सांगितले, 'एकशे आठ पानांची अख्खी पंगत माझ्या हाताने वाढून होईपर्यंत गोड तोंडात घालणार नाही.'

त्यांना वाटले, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे. पण साथ गेली आणि पंगतही सोबत गेली. मंडळाने महाप्रसाद बंद खोक्यात द्यायला सुरुवात केली. ते सोयीचे पडले, मग तेच राहिले. खोके हातात घ्यायचे, नमस्कार करायचा, चालू पडायचे. एवढ्या वर्षांत गंगुबाईंच्या हाताला सगळ्यांत मोठी पंगत मिळाली ती एका बारशाला, सतरा पानांची. तीन दिवाळ्या, दोन नातवंडांची मुंजलग्ने आणि असंख्य पेढे त्यांच्यासमोरून निघून गेले. डॉक्टर त्यांच्या साखरेवर बेहद्द खूश होते. गंगुबाई नव्हत्या.

त्यांची लेक योगिनी हिने 'श्रवणसुख मंडळा'च्या एकेचाळीस जणांची या जहाजावर सोय केली, ती आईने जरा हवापालट करावा म्हणून. गंगुबाईंनी पाऊल ठेवताच जागृतीला पहिला प्रश्न विचारला तो असा की, बाई, जहाजावर एकूण माणसे किती? प्रवासी एकशे आठ, कर्मचारी अडतीस आणि मी, असे उत्तर आले. गंगुबाईंनी डोळे मिटून हात जोडले. मग त्यांच्या लक्षात आले की, त्या एकशे आठांत एक आपण स्वतःच आहोत.

पहिल्या दिवशीचे जेवण संहितेप्रमाणे पार पडले. काचेच्या पलीकडे कर्मचारी, अलीकडे प्रवासी. प्रवाशाने पाटीवर पदार्थाचा क्रमांक लिहून दाखवायचा, कर्मचाऱ्याने एक पळी वाढायची आणि विचारायचे, 'आणखी?' यावर मराठी माणूस काय म्हणतो हे तज्ज्ञांना कोणी सांगितले नव्हते. मंडळातल्या चाळीस जणांनी रीतीप्रमाणे "नको नको, पुरे" म्हटले. कलम २२ लागू झाले. सगळे एका पळीवर उठले.

गंगुबाईंनी ही गोष्ट जागृतीला समजावून सांगायचा प्रयत्न केला. पहिले 'नको' हे संस्काराचे असते, दुसरे शेजारी बघतोय म्हणून असते, खरे 'नको' तिसरे. आणि तेही पानावर आडवा हात आला तरच. जागृतीने हे टिपून घेतले आणि सांगितले की, संहितेत 'नको'चा एकच प्रकार आहे.

त्या दिवशी संध्याकाळी कीर्तन झाले. साईनाथबुवांना मुखपट्टी लावून, श्रोत्यांना एकाआड एक खुर्चीत बसवून आणि नामगजर कलम १७ प्रमाणे. सत्तर-ऐंशी माणसांनी मिटल्या तोंडाने केलेला गजर एखादा मोठा फ्रिज चालू व्हावा तसा ऐकू आला. तरी गंगुबाईंना डोळ्यांत पाणी आले. देवाला ओठ लागत नाहीत, असे त्या म्हणाल्या. पोटाला मात्र लागतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुदपाकखान्याच्या खिडकीशी गेल्या. मुख्य आचारी काळुराम हा कोलशेतच्या आगरी घरातला, तिखटावर वाढलेला गडी. त्याला त्यांनी विचारले की, बाबा, डाळीला फोडणी का नसते? काळुरामने मान खाली घातली. तज्ज्ञांनी मसाले बंद केले होते. तिखटाने खोकला येतो, खोकल्याने घबराट होते, घबराटीने पैसे परत मागतात, अशी ती साखळी होती.

"मना लाज वाटते गो आये," तो म्हणाला. "माझे आयशीला कललं ना का मी असली डाल करतंय, तर ती मना घरान घेवाची नाय."

गंगुबाईंनी कमरेच्या पिशवीतून सुक्या लवंगी मिरच्यांची पुडी काढून खिडकीतून आत सरकवली. त्यात त्यांचा काहीही डाव नव्हता. त्यांना फक्त डाळीची दया आली होती.

काळुरामने एवढ्या महिन्यांची भूक एका कढईत उतरवली. पुडी अख्खी गेली. पण नव्या नियमानुसार मुदपाकखान्यातली हवा प्रवाशांकडे जाऊ नये म्हणून बाहेरचा पंखा बंद करून सगळे झरोके कर्मचाऱ्यांच्या बाजूला वळवले होते. बारा वाजून चार मिनिटांनी फोडणी पडली. बारा वाजून सहा मिनिटांनी अडतीसच्या अडतीस कर्मचारी खोकत होते, त्यात कप्तानही होता. (त्याचे आख्यान अखेर लागले.) जागृती तीन मास्कमुळे बचावली. तिने कलम १४ काढले आणि एकेकाला खोलीत बसवून बाहेरून कडी घातली. काळुराम कडीच्या आतून ओरडत होता की, ठसका हाय गो, ठसका. पण कारण ऐकायचे नाही हे कलमातच होते.

आता चित्र असे: जहाज ओहोटीच्या चिखलात, संपूर्ण स्थिर. डाळ, भात, भाजी आणि गव्हाची लापशी (जहाजावर तिला 'ब्रोकन व्हीट पुडिंग' म्हणत) तयार, वाफाळलेली. कालपासून अर्धपोटी असलेले एकशे आठ प्रवासी काचेपाशी. पलीकडे पळी आहे, धरायला हात नाही (अधिकाऱ्याने फक्त देखरेख करायची असते).

गंगुबाई पुढे झाल्या आणि म्हणाल्या, "मी वाढते."

"आजी, नाही चालणार. कलम नऊ. फक्त कर्मचारी."

"मग कर्मचारी म्हणजे कोण, ते बघ की तुझ्या पोथीत."

जागृतीने संहिता उघडली. पाने नवीकोरी, एकमेकांना चिकटलेली. ती सुटेनात. मागे लोक कुरकुरत होते, कोणीतरी पाटीवर 'भूक' असे लिहून दाखवत होते. जागृतीने घाईने तिन्ही मास्क खाली ओढले, बोट जिभेला लावले आणि पान उलटले. पुन्हा लावले, पुन्हा उलटले. असे तेहतीस वेळा. गंगुबाई बघत होत्या.

चौतिसाव्या पानावर व्याख्या सापडली. 'कर्मचारी म्हणजे जहाजावरील अशी व्यक्ती, जी प्रवाशांचे भोजन पूर्ण होईपर्यंत स्वतः अन्न ग्रहण करीत नाही.'

"आजी, तुम्ही जेवणार कधी?"

"सगळी उठल्यावर. वाढणारी बाई आधी जेवते का कधी?"

जागृतीने दोनदा वाचले. व्याख्येत पळवाट नव्हती. तज्ज्ञांनी अकरा महिने घालवून, नकळत, सप्ताहात वाढणारी बाई लिहून ठेवली होती.

पंगत वरच्या डेकवर बसली. दोन माणसांत हातभर अंतर, समोर पत्रावळीसारखी कागदी ताटे. गंगुबाईंनी संहितेपेक्षा आपली पद्धत लावली, ती एका कलमाची: हात दाखव. धुतलेला हात दाखवल्याशिवाय पानात काही पडत नसे. मुलुंडच्या एका मोठ्या साहेबांना त्यांनी दोनदा परत पाठवले. पळी पानाला टेकली तर ती उष्टी होते, म्हणून त्या वीतभर वरून सोडत. एक शीत बाहेर नाही. जागृतीने फूटपट्टीने मोजले, नऊ इंच. तज्ज्ञांनी आधी करून पाहिलेल्या वाढप-यंत्राचा विक्रम सहाचा होता आणि ते डाळ माणसाच्या मांडीवर सोडत असे. पहिली दोन 'नको' गंगुबाईंना ऐकूच येत नव्हती.

त्या वाढत होत्या आणि मनात मोजत होत्या. एकशे पाच. एकशे सहा. साईनाथबुवा, एकशे सात. पंगत संपली.

पळीत लापशी होती, समोर रिकामी जागा. आणि जिन्यापाशी जागृती, हातात फूटपट्टी, डोळे लापशीवर.

"बस," गंगुबाई म्हणाल्या.

"मी ड्यूटीवर आहे, आजी. आणि मी माणसांत जेवत नाही. सवय गेलीय."

"अगं, माझीसुद्धा गेली असती. बस बाळ. एक पान कमी पडतंय मला."

मग त्यांनी नवसाची सगळी हकिगत तिला थोडक्यात सांगितली. साईनाथबुवा सरकले, बाकी पंगत घास हातात धरून थांबली. जागृतीने पहिला मास्क काढला. मग दुसरा. तिसरा काढायला तिला जरा वेळ लागला. त्याखालचा चेहरा अगदी लहान होता. ती मांडी घालून बसली आणि तिने पुढे झुकून ताट सरळ केले.

"हात दाखव," गंगुबाई म्हणाल्या.

जागृतीने दाखवला. उजव्या तर्जनीचे टोक अजून ओलसर होते, त्याला छापील अक्षरांची शाई लागली होती.

"तेहतीस वेळा," गंगुबाई शांतपणे म्हणाल्या. "जा, धुऊन ये. लापशी थांबेल."

ती धावत गेली, धावत आली. एकशे आठवे पान वाढून झाले. तिने एकदा 'नको' म्हटले, दुसऱ्यांदा म्हटले, तिसऱ्यांदा म्हणायला तोंड मोकळे नव्हते. सगळी उठल्यावर गंगुबाई रिकाम्या डेकवर एकट्या बसल्या आणि पातेल्याच्या तळाची, जराशी लागलेली लापशी खाल्ली. दुर्गाडीच्या बाजूला त्यांच्या घराची गच्ची दिसत होती. पहिला घास त्यांनी सावकाश संपवला. मग म्हणाल्या, गूळ कमी आहे.

कंपनीने प्रकाराची रीतसर चौकशी केली. अहवाल झाला. त्यात 'आसनस्थ पंक्तिवितरण प्रणाली' ही साथोत्तर जलभोजनातली क्रांती असल्याचे म्हटले आहे, पहिली दोन 'नको' अवैध ठरवली आहेत आणि गंगुबाईंचा उल्लेख 'स्थानिक साधनसामग्री' असा आहे. सात सदस्यांच्या समितीने अहवाल पानन्‌पान वाचून मंजूर केला. पाने नवीकोरी होती, चिकटलेली होती. ती कशी सुटली हे इतिवृत्तात नोंदलेले नाही.

आता दर महिन्याला सागरवत्सलेवर पंगत बसते. कोलशेतच्या धक्क्यावरून कोणीही यावे. तुम्हीही या. बसायला जागा आहे, लापशीत आता गूळ बरोबर आहे. गंगुबाई पळी घेऊन तुमच्यासमोर येतील आणि वीतभर वर थांबतील. हे पुस्तक इथवर कसे उलटत आलात, हे त्यांना सांगायची गरज नाही. (मोबाइलवर वाचणाऱ्यांनी निर्धास्त होऊ नये, सकाळी तो हातात घेऊन कुठे बसला होतात, हेही त्या ओळखतात.) त्या रागावणार नाहीत. फक्त म्हणतील,

"हात दाखव."