शमुवेल मास्तरांच्या घरात कुणी उठायचं नाही

कुणाविषयी लिहावं एवढी माझी योग्यता नाही. आमच्या पारनेरकडच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. आमच्याकडे लिहिणं हे तलाठ्याचं काम समजतात. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण शमुवेल मास्तरांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि नगरात त्यांच्या भिंतीला भिंत लावून राहणारा मीच आहे.

पहिल्यांदा त्यांच्या दारावर थाप मारली तेव्हा दार आपलं आपण उघडलं. मी मागे सरकलो. आत मास्तर आरामखुर्चीत बसलेले, हातात सुतळीचं टोक. सुतळी छताला बसवलेल्या कप्प्यांवरून थेट दाराच्या कडीपर्यंत गेलेली. मी आत शिरलो तसं टांगलेल्या विटेच्या वजनानं दार पुन्हा लागलं.

"बसा," मास्तर म्हणाले. "या घरात कुणी उठायचं नाही."

मास्तरांनी मिशनच्या शाळेत जन्मभर शास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर ते भंगारातून मोडकी घड्याळं, सायकलीच्या घंट्या, बटणं आणू लागले. गजर झाला की घड्याळाची किल्ली फिरे, तिच्यावर दोरा गुंडाळला जाई, दोरा बटण ओढी आणि विजेच्या शेगडीवर चहाचं आधण तापायला लागे. पिंप भरत आलं की पाण्यावर तरंगणारा डबा घंटी वाजवी. संध्याकाळचा दिवा दुसरं घड्याळ लावी. ते जरा पुढे पळे, त्यामुळे मास्तरांकडे पुष्कळदा भर उन्हात दिवाबत्ती झालेली असे.

भाजीवाली हौसाबाई उंबऱ्याच्या आत येत नसे.

"तुमच्या घरात भुतं राबत्यात, मास्तर."

"भुतं नाहीत, दोऱ्या आहेत."

"मंग त्या दोऱ्यांना म्हनावं, वांगी घिऊन जावा."

मास्तरांनी हे मनावर घेतलं. पुढच्या आठवड्यात खिडकीतून एक बादली कप्पीवरून घसरत तिच्यासमोर येऊन थांबली. हौसाबाईनं आधी बादलीला नमस्कार केला, मग वांगी घातली.

रविवारी चर्चमध्ये उपासनेला मात्र मास्तर सगळ्यांबरोबर उभे राहत. "तिथं कप्पी बसवायला पाळकसाहेब देत नाहीत," असं सांगत.

एकदा मी भीतभीतच विचारलं, "एकट्यासाठी एवढं कशाला, मास्तर?"

"एकट्यासाठी कोण करतं?" ते म्हणाले. "माझी बायको सगुणा कोपरगावला भावाकडे गेलीय. जाताना म्हणाली, दार वाजलं की मीच उठायचं, दिव्याला मीच, चहाला मीच. तुम्ही पुस्तकातून मान तरी वर केलीत का कधी?" थोडा वेळ ते दोऱ्याची गाठ सोडवत राहिले. "खरं होतं तिचं. आता येऊ दे. आता तिला उठावं लागणार नाही."

नवी युक्ती जमली की ते एस.टी. स्टँडवर का जातात, हे मला तेव्हा कळलं. कोपरगावच्या गाडीत ओळखीचं कुणी दिसलं की त्याच्याजवळ निरोप देत, "तिला सांगा, पिंपाचंही जमलं." उत्तर कधी आलं नाही. दुपारी कुणी आलेलं नसताना पलीकडे कडी वर होण्याचा आणि दार लागण्याचा आवाज येई. दार कुठं अडकत तर नाही ना, हे ते पाहत असत.

गेल्या महिन्यात त्यांचे मेहुणे स्वतःच आले. मी तिथंच बसलो होतो. मास्तरांनी त्यांना सगळं घर चालवून दाखवलं. मेहुण्यांनी टोपी मांडीवर ठेवून सगळं पाहिलं, चहाही घेतला.

"लई झाक केलंय, दाजी," ते म्हणाले. "पर आक्का न्हाई येनार."

मास्तरांनी हातातली सुतळी खाली ठेवली.

"पोरींच्या बोर्डिंगात सैपाकाला लागलीय. पहाटं उठती, समद्यांच्या भाकरी थापती. दिवसभर पाठ टेकत न्हाई."

"मग फार दमत असेल," मास्तर म्हणाले.

"न्हाई वो. खुशीत हाय. पोरी चुलीम्होरं बसून तिच्यासंगं बोलत असत्यात."