शिवलिंगअप्पांचे नवरदेव

शिवलिंगअप्पांच्या छापखान्यात कुणी कुणाची स्तुती केली, की अप्पा शाईचा रूळ उचलायचे. "तोंड पुढं कर. मस्का तू लावलास, आता शाई मी लावतो." मी एकदा त्यांच्या मिशीला झोकदार म्हणालो आणि शर्ट गमावून बसलो.

पोटासाठी लग्नपत्रिका छापायच्या आणि उरलेल्या वेळात लाकडी ठशांवर नवरदेव कोरायचे, असा त्यांचा उलटा कारभार. लातूर जिल्हा नवाच झाला होता. प्रत्येक कारकुनाला आपणच कलेक्टर झाल्यासारखं वाटत होतं, आणि ही मंडळी गॉगल लावून मुली बघत हिंडायची. अप्पा त्यांची चित्रं छापून दारावर चिकटवायचे. एका चित्रात नवरदेव म्हणतो, "वा! कोकिळेचा आवाज!" खाली अप्पांची ओळ: "पोरगी अजून बोललीच न्हाई." दुसऱ्यात पाहुणा आरशात बघत पुन्हा पुन्हा तोंड धुतोय आणि मागे पोरीची आई रिकामी घागर घेऊन टँकरकडे पळतेय. वर्ष दुष्काळाचं होतं; हे चित्र बघणारा हसता हसता गप्प व्हायचा. मी हुंड्याविरुद्ध चार पानी पत्रक काढलं, त्यात लोकांनी भजी बांधली. अप्पांचं चित्र मात्र लोक घरी न्यायचे.

दवाखान्यातल्या नर्स सुमनबाई 'पाणी उकळून प्या'ची पत्रकं छापून घ्यायला यायच्या. त्या विधवा, अप्पा एकटे. बाई आल्या की अप्पा खुर्ची पुसायचे आणि मुके व्हायचे. मग बाईंची जळकोटला बदली झाली.

अप्पांनी मला आत ओढलं. "लेका, बाईला लग्नाचं इचारावं म्हणतो. एक वाक्य लिहून दे. गोड पायजे, पण मस्का नको."

मी तिथंच लिहिलं: 'चला, आपण दोघे मिळून जुन्या रूढींची होळी करू!'

अप्पांनी वाचलं. "अरे, मी बायको मागायलो का मोर्चा काढायलो?"

जायच्या दिवशी बाई सामानासकट आल्या, उरलेली पत्रकं न्यायला. अप्पांनी खुर्ची पुसली, पुसलेलीच परत पुसली. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "बाई, तुमचं चित्र कोरायला लई डाव बसलो. लाकडं वाया गेली. तुमच्यात चेष्टा करावी असं कायच गावत न्हाई."

गठ्ठा बांधता बांधता बाई थांबल्या. "मस्का लावायलात का, अप्पा?"

"न्हाई बाई. तक्रार हाय."

बाई हसल्या. त्यांनी खुर्ची उजेडात ओढली, पदर सावरला आणि समोर बसल्या.

"मग नीट बघा की. यष्टी गेली तर जाऊ द्या."